दोनदा ठोकलं तर थांबायचं

पायरी मोडायचीच होती, तर आदल्या दिवशी मोडली असती. नाहीतर दुसऱ्या दिवशी. पण नाही! अनोळखी शेडसमोर, चार लोकांच्या देखत ती मोटरहोममधून ऐटीत उतरायला गेली आणि पायाखालची पायरी काडकन मोडली. तोल सावरायला तिने हात टेकला, तो समोर पालथ्या घातलेल्या होडीवर. हिरव्यागार, ओल्या रंगात.

"अहो, अहो, अहो!" करत एक जण हातातला ब्रश तसाच धरून धावत आला. तिला वाटलं, आपल्याला सावरायला आला. तो थेट होडीपाशी जाऊन उकिडवा बसला.

"पाचही बोटं उमटली," तो हळहळला. "अगदी ठसठशीत."

"मला लागलंय का, ते नाही विचारणार?"

त्याने मान वर केली. गालावर हिरवा ठिपका, डोळ्यांत हसू. "लागलंय का?"

"नाही."

"मग प्रश्नच मिटला." त्याने खिशातून पॉलिश पेपरचा तुकडा काढून तिच्या स्वच्छ हातात ठेवला. "उद्या वाळलं की घासायचं. हात तुमचा, घासायचंही तुम्हीच."

ती चिडली असती, पण चिडायला तिच्यात त्राण उरलं नव्हतं. तीन दिवसांत तिला पाच जणांनी परत पाठवलं होतं. मेकॅनिक म्हणाला, इंजिनाचं असेल तर बोला, छप्पर गळत असेल तर सुताराकडे जा. सुतार म्हणाला, चाकं आहेत ना? मग मेकॅनिककडे जा. शेवटी पेट्रोल भरणाऱ्या एका बाईने सुचवलं होतं, तळ्याकाठी होड्या दुरुस्त करतात, त्यांना विचारा. पाण्याची खोड त्यांना कळते.

ती पियानोचे सूर लावायची. शाळा, सभागृहं, कुणाकुणाची घरं... गावोगाव फिरायचं काम. म्हणून वर्षापूर्वी तिने हे जुनं फिरतं घर घेतलं. पलंग, शेगडी, खिडकीपाशी घडीचं टेबल. पहिल्या रात्री तिला राणीसारखं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी पाण्याचा पंप बंद पडला. मग फ्रिजची कडी, मग बॅटरी, मग न्हाणीचं दार, ते वळणावर आपोआप उघडायचं आणि चढावर उघडायचंच नाही. एक दुरुस्त करावं तर दुसरं रांगेत उभंच. शेवटी छत गळायला लागलं, तेव्हा वहिनीने गाडीचं नावच ठेवलं... रडूबाई.

दादा रोज संध्याकाळी फोन करायचा. हॅलो नाही, कशी आहेस नाही. थेट, "आज काय मोडलं?"

त्यात चेष्टा असायची, काळजीही असायची. आणि त्याच्या घरी मागच्या खोलीत अजून तसाच अंथरून ठेवलेला तिचा पलंगही असायचा. शुक्रवारी सकाळी दहा वाजता तपासनीस येणार होता. भिंतींमध्ये ओल सापडली, तर गाडीत राहायचा परवाना रद्द. मग दादाची मागची खोली. तसा शब्दच तिने दिला होता. आणि परवाना मिळाला, तर शुक्रवारीच निघायचं. डोंगरापलीकडच्या बारा शाळांचे पियानो तिची वाट बघत होते.

आज सोमवार होता.

हे सगळं तिने एका दमात सांगितलं. होडीवाल्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, भिंतीला कान लावला, छताकडे बघितलं.

"होडीत पाणी खालून येतं, हिच्यात वरून. तेवढाच फरक," तो म्हणाला. "पण एक अडचण आहे. गळती एकट्याने सापडत नाही."

"म्हणजे?"

"मी वर झारीने पाणी ओतणार. वीतभर ओतायचं, थांबायचं. आत कुणीतरी अंधार करून, टॉर्च घेऊन बसायला हवं. कोरडं असलं की छताला एकदा ठोकायचं, म्हणजे मी पुढे सरकेन. थेंब आला की दोनदा. म्हणजे थांबायचं, इथेच आहे. वरून मला काही दिसत नाही. तुम्ही म्हणाल ते खरं."

"एवढा विश्वास?"

"दुसरा इलाज आहे का?" तो हसला.

शेडच्या दारात एक ठेंगणी बाई दोरखंड गुंडाळत उभी होती. त्याची मावशी, शेड तिचीच. ती तिथूनच ओरडली, "अरे शहाण्या, गप्पा काय मारतोस? आधी त्या पोरीची पायरी बसव! उतरणार कशी ती, पंख लावून?"

त्याने पायरी बसवली.

मंगळवारी ते कामाला लागले. पडदे ओढून ती आत गुडघ्यांवर बसली. वर त्याची पावलं, मग झारीची बारीक धार. थेंब दिसायच्या आधीच तिला ऐकू यायचा... लाकडाच्या पोटात, कागदावर नख फिरवावं तसा. तिने हात उंचावून ठोकलं, टक... टक... दोनदा.

"दिसला?" छताच्या छोट्या खिडकीतून त्याचा आवाज आला.

"अजून नाही. पण येतोय. ऐकू आलं मला."

"मला तर चाळीस वर्षांच्या होडीचंसुद्धा एवढं ऐकू येत नाही. हा कान भाड्याने मिळेल?"

"परवडणार नाही तुम्हाला."

"हप्त्याने?"

अंधारात ती एकटीच हसली, आणि लगेच घाबरली. हसायची ही वेळ होती का? शुक्रवार तीन दिवसांवर आला होता.

पहिली गळती खिडकीच्या कोपऱ्यात सापडली, दुसरी बुधवारी अँटेनाच्या बुडाशी. तो जुनं सीलंट खरवडायचा, नवं भरायचा, बोटाने असं हळुवार दाबत न्यायचा की तिला आपली पियानोवरची बोटं आठवायची. दुपारी दोघं चहा प्यायची... ती पायरीवर, तो उलट्या बादलीवर. तिने तो हाताचा ठसा घासून काढला. त्यालाही अर्धा तास लागला, कारण तो समोर बसून "इथे राहिलं, तिथे राहिलं" करत होता आणि राहिलं कुठेच नव्हतं.

"घर हलत असलं की झोप लागते?" त्याने एकदा विचारलं.

"हललं तर लागते. टपकलं की नाही."

"मी कधी या तळ्याच्या पलीकडे राहिलोच नाही," तो कपात बघत म्हणाला. "होड्या दुरुस्त करतो, लोक त्यांत बसून जातात. मी आपला काठावर."

तिला काहीतरी म्हणायचं होतं. पण तेवढ्यात मावशीने हाक मारली आणि ते राहूनच गेलं. मग ते राहिलेलं वाक्य दिवसभर तिच्या छातीत कुठेतरी आत टपकत राहिलं.

गुरुवारी दुपारी आभाळ भरून आलं. एकच कोपरा उरला होता, तिच्या पलंगावरचा. तिथे एकदा ठोकलं की काम संपलं. तो खाली उतरेल. हात धुईल. "बरंय मग," म्हणेल. उद्या दहाला परवाना मिळाला तरी ती जाणार, नाही मिळाला तरी जाणार. जायचं कुठे, एवढंच ठरायचं होतं.

वर झारीची धार पडली. ती ऐकत राहिली. श्वास रोखून, सगळा जीव कानात आणून. काही नाही. नखाचा आवाज नाही, थेंब नाही. सगळं कसं ठणठणीत कोरडं.

तिने हात वर केला. एकदा ठोकलं.

आणि मग... तिचं तिलाच कळलं नाही... दुसऱ्यांदा.

"सापडली?" वरून आनंदाने हाक आली. "मला वाटलंच होतं, या कोपऱ्यात काहीतरी असणार!"

आता बोलायला हवं होतं. चुकून ठोकलं, एवढंच. पण ती नुसती वर बघत राहिली. पहिला स्क्रू किरकिरत निघाला. दुसरा. हा निघाला की सांगू... तिसरा. प्रत्येक स्क्रूचा सूर आधीच्यापेक्षा किंचित वर चढत होता. सातवा निघाला, कडेची पत्र्याची पट्टी सुटली, आणि लांब कुठेतरी गडगडलं.

"लाकूड तर कोरडं दिसतंय," वरून तो पुटपुटला. "पण तुम्ही ऐकलंत म्हणजे असणारच. अजून थोडं उघडतो."

तुम्ही ऐकलंत म्हणजे असणारच! ती धावत बाहेर आली. उंचीची तिला मनस्वी भीती वाटायची, वर्षभरात ती शिडीच्या दुसऱ्या पायरीपलीकडे गेली नव्हती. ती शेवटच्या पायरीपर्यंत चढली आणि छताच्या कडेला डोकं काढून उभी राहिली. तो पटाशी लावण्याच्या बेतात होता.

"थांबा! तिथे काही नाहीये. थेंब आलाच नव्हता."

त्याचा हात थांबला. "मग दोनदा का ठोकलं?"

वारा सुटला होता. तिने शिडी दोन्ही हातांनी धरली. "एकदा ठोकलं असतं, तर तुम्ही खाली उतरला असता."

तो तिच्याकडे बघत राहिला. ती वाट बघत होती त्या हसऱ्या डोळ्यांची. ते हसले नाहीत.

"चांगला सांधा होता तो," तो हळू म्हणाला. "तुमच्या एका शब्दावर मी फोडला. होडीला असं केलं असतं, तर माणसं बुडाली असती."

टप्प्... एक थेंब छतावर पडला. मग दुसरा.

"ताडपत्री!" तो ओरडला.

पुढचा तास दोघं ताडपत्रीच्या दोन टोकांना होती. मावशी खालून दोऱ्या बांधत, दोघांना यथेच्छ शिव्या देत होती. त्याने ताडपत्रीखाली पालथं पडून सांधा पुसला, पुन्हा सीलंट भरलं, सातही स्क्रू पिळले. तोंडातून शब्द निघायचे ते एवढेच, "धरा." "ओढा." "इकडे." आणि शेवटी शिडीवरून उतरताना, तिच्याकडे न बघता, "सकाळपर्यंत पाणी लागलं नाही, तर धरेल."

"आणि लागलं तर?"

तो निघून गेला होता.

संध्याकाळी फोन वाजला. "आज काय मोडलं?"

ताडपत्रीवर पाऊस वाजत होता. "आज... मी मोडलं, दादा. स्वतःच्या हाताने."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग, "जेवलीस का?" आणि तेवढ्यावरच तिला रडू फुटलं.

सकाळी दहाला तपासनीस आला. त्याच्याकडे दोन सुयांचं यंत्र होतं; सुया भिंतीला टेकवायच्या, ओल असली की ते शीळ घालायचं. खिडकीचा कोपरा: गप्प. अँटेनाची जागा: गप्प. तो तिच्या पलंगापाशी आला. तिने डोळे मिटले. उभ्या जन्मात कसल्याही सुरासाठी तिने एवढे कान टवकारले नव्हते, आणि कुठलाच सूर ऐकू येऊ नये असं कधी एवढं वाटलंही नव्हतं.

गप्प.

"कोणी केलंय काम?" तपासनीस कागदावर शिक्का उमटवत म्हणाला. "हा सांधा तर नव्या गाडीलाही असा नसतो."

ती शिक्का मारलेला कागद घेऊन शेडमध्ये गेली. हिरवी होडी जागेवर नव्हती.

"पहाटेच पाण्यात घेऊन गेलाय, चाचणीला," मावशी दोरखंडावरून नजर न काढता म्हणाली. "रागावला की तो पाण्यावर जातो. लहानपणापासूनची सवय."

"अजून रागावलेत?"

"मला काय माहीत, पोरी? पहाटे पाच वाजेपर्यंत तर ताडपत्रीपाशी बसून होता, पाणी शिरतंय का बघत. कोण रागावलेला माणूस असा बसतो, तूच सांग."

ती तळ्याकडे बघत थोडा वेळ थांबली. मग आणखी थोडा. तळं नुसतं राखाडी होतं, रिकामं. पहिल्या शाळेत चारला पोचायचं होतं. शेवटी तिने मावशीला नमस्कार केला, नव्या पायरीवर पाय ठेवून वर चढली, पडदे सारले, न्हाणीच्या दाराला दोरी बांधली. किल्ली फिरवली. रडूबाई खोकली, थरथरली, सुरू झाली.

टक... टक.

तिचा हात किल्लीवरच थांबला. इंजिन बंद केलं. सवयीने तिची नजर वर गेली, पलंगाच्या कोपऱ्याकडे, खिडकीकडे, अँटेनाच्या जागेकडे. कुठेही टिपूस नव्हता.

"आत सगळं कोरडं आहे," ती छताकडे बघून म्हणाली.

"माहीत आहे." छताच्या खिडकीतून त्याचा आवाज आला, होडी काठाला लावून धावत आल्यासारखा, धापा टाकणारा.

"मग दोनदा का ठोकलं?"

वर कपड्यांची सळसळ झाली. तो छतावर उताणा पडला असावा, किंवा पालथा, कान पत्र्याला लावून.

"एकदा ठोकलं असतं, तर तू पुढे निघून गेली असतीस."

तिने किल्ली काढून मांडीवर ठेवली.

"जायचं तर आहेच तुला," तो घाईघाईने म्हणाला, "बारा शाळा आहेत. कळतं मला. पण दर शनिवारी मी आलो तर चालेल? तळ्याच्या पलीकडे... म्हणजे तू जिथे असशील तिथे. हिचं काही ना काही मोडलेलं असणारच."

"आणि नसलं तर?"

"तर खोटं ठोक. जमतं तुला."

ती हसली. हसता हसता गालावरून काहीतरी ओघळलं, हनुवटीपाशी क्षणभर थबकलं आणि स्टिअरिंगवर पडलं. टप्पकन... तिच्या कानांनी अचूक टिपलं.

वर तो वाट बघत होता. त्याला काही दिसत नव्हतं. ती म्हणेल ते खरं.

तिने हात वर केला आणि दोनदा ठोकलं. या वेळी थेंब खरंच आला होता.