जुन्या अंकांचा वास

साबणाच्या कारखान्यात बाबांची उभी हयात गेली, ती नाकाच्या जोरावर. कोणत्या टाकीत कोणतं तेल जास्त पडलंय, हे ते झाकण न उघडता सांगत. कारखान्यात सगळे त्यांना 'नाकोबा' म्हणत, आणि बाबाही त्यावर खूश असत. दोन वर्षांपूर्वीच्या साथीत आई गेली, बाबा वाचले. पण त्यांचं नाक गेलं. फुलांचा वास येईना, की दूध करपल्याचा. एकदा लेकीने पाहिलं, तर ते आईची शाल तोंडावर धरून बसले होते. "कसलाच वास येत नाही गं," एवढंच म्हणाले आणि शालीची नीट घडी घालून ती परत कपाटात ठेवली.

लेक इतिहास शिकवायची. आईनंतर तिने संशोधनाला विषय घेतला तो शंभर वर्षांपूर्वीच्या एका साथीचा. लोक तेव्हा कसे वागले, कशाला भ्याले, कशावर विसंबले, हे तिला शोधायचं होतं. त्यासाठी ती रोज दुपारी वर्तमानपत्रांच्या संग्रहात जाऊन बसे. उंच खिडक्यांची थंड खोली, उतरती मेजं, आणि कागद तुटू नये म्हणून पानं उलटायला दिलेली चपटी लाकडी पट्टी. जुने खंड काढून देणाऱ्या बाई फार बोलत नसत. "सांभाळून हं, पापुद्रे निघतात," असं बजावून त्या पुन्हा आपल्या विणकामात डोकं घालत.

एका संध्याकाळी बाबांनी दार उघडलं आणि ते उंबऱ्यातच थबकले.

"गंधक जाळलंय का गं कुठे?"

"नाही हो बाबा."

"तुझ्या अंगाला येतोय. घसा खवखवेल असा."

तिला काय करू नि काय नको असं झालं. धावत जाऊन तिने कॉफी केली आणि वाफाळता कप त्यांच्या नाकाशी धरला. बाबांनी मान हलवली. काही नाही.

अंथरुणावर पडल्यावर तिला आठवलं. दुपारी वाचलेल्या अंकात बातमी होती: हवा शुद्ध व्हावी म्हणून लोकांनी नाक्यानाक्यावर गंधक पेटवलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "डांबर." त्या दिवशी तिने आजाऱ्यांच्या दारांवर डांबराच्या खुणा केल्याचं वाचलं होतं. मग एकदा ती मुद्दाम फक्त एक जाहिरात वाचून आली: रोगाला घराबाहेर ठेवणारा साबण. बाबांनी डोळे मिटले. "लवंग. निलगिरी. आणि मागून हळूच येतोय तो देवदार. ही मिसळ आता कोणी करत नाही." कामावरून यायचे तेव्हा दिसायचा, तसा त्यांचा चेहरा दिसत होता.

डॉक्टर म्हणाले, सुधारणा आहे. पण स्वयंपाकघरात पाव जळून कोळसा झाला तरी बाबांना पत्ता नसे. वास यायचा तो फक्त तिच्या अंगाचा. ती काय वाचते, हे तिने त्यांना सांगितलं नाही. पुढे ती काही पानं गाळू लागली. गेलेल्या माणसांचे कपडे जाळल्याची एक बातमी तिने वाचली होती. त्या संध्याकाळी बाबा न जेवताच उठले. "कुणाचे गं हे कपडे?" एवढंच विचारलं त्यांनी.

तरी तिच्या मनात एक गोष्ट घर करून बसली. शेवटी तिने बाईंकडे दोन वर्षांपूर्वीचा खंड मागितला.

"हे तर अगदी परवाचं," बाई म्हणाल्या. "तुमच्या विषयात बसतं?"

"बसवते."

बाईंनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि खंड आणून ठेवला. आई गेली त्या दिवसाचा अंक. आतल्या पानावर चार ओळी: रुग्णालय भरलं आहे, नातेवाइकांना फाटकावरच थांबवलं जात आहे. त्या नातेवाइकांत ती होती. ओळींवर बोट ठेवून ती खोली बंद व्हायच्या वेळेपर्यंत तेच वाचत राहिली.

घरी बाबांनी दार उघडलं. तिच्या खांद्यावर कपाळ टेकलं आणि खोल श्वास घेतला.

"तीच," ते म्हणाले. "तिच्या केसांचं तेल. औषधं. रबरी हातमोजे." त्यांनी पुन्हा श्वास ओढला. "आणि संत्रं. तिच्याजवळ बसून कोणीतरी संत्रं सोलतंय."

शेवटच्या फोनवर आई म्हणाली होती, तोंड कडू झालंय गं, एखादं संत्रं मिळालं तर बघ. ती पिशवी घेऊन धावली होती आणि रखवालदाराने हात जोडून तिला परत पाठवलं होतं. बाबा तेव्हा तापाने फणफणत होते. त्यांना हे कधीच कळलं नव्हतं.

"म्हणजे एकटी नव्हती ती," बाबा म्हणाले. गालांवरून पाणी वाहत होतं, पुसायचंही भान नव्हतं. "असेल एखादी नर्स. भलं होवो तिचं."

"हो. असेल."

त्या दिवशी बाबा कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवले. पाणी प्यायले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "खाल्लं असेल का गं तिने?"

"दोन फोडी," ती म्हणाली. "तिसरी गिळवेना तिला."

बाबा सावकाश वळले.

आपण काय बोललो, ते तिला तेव्हा कळलं.

बाबांनी तिचा हात ओढून दिव्याखाली धरला. नखांखाली संत्र्याच्या सालीचा चुरा होता, अजून ओला.