मुंगळ्यांची साखर

इंदापूरहून बारामतीला निघालेल्या एस.टी.त पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या मांडीवर मात्र जागा आहे, असं एका माणसाला वाटलं. त्याचा एक हात वरच्या दांडीला होता, दुसऱ्या हातात काचेची बरणी, आणि बरणीभोवती एक्स-रेची काळी फिल्म गुंडाळलेली.

"जरा धरता का? हलवू नका... आत राणी हाय."

फाजील दिसतोय, मी मनात म्हटलं. सणसणीत उत्तर अगदी जिभेवर आलं होतं. पण त्याचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच, बरणीकडे होतं — आणि त्याचाच मला राग आला. गोंधळून मी बरणी धरली. फिल्म जराशी सरकवून पाहिलं, तर आत माती, मातीत बोगदे आणि काळेभोर मुंगळे. मी किंचाळले कशी नाही, कुणास ठाऊक.

त्याचं नाव बिरू. कळंबचा, बारामतीत पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायच्या दुकानात कामाला. रानात पाइपलाइनची चारी खोदताना त्याला हे मुंगळ्यांचं घर लागलं, आणि ती मोठी राणी पाहून बुजवून टाकायचं जिवावर आलं. त्याच्या आईनं, लीलाबाईंनी, बरणीवर रॉकेल ओतीन म्हणून सांगितलं होतं. आता खोलीमालक काय म्हणेल, याची त्याला धास्ती होती. एवढं सगळं त्यानं मला न विचारता सांगितलं. माझं गाव पिंपळी आलं, मी उठले, आणि बरणी परत द्यायच्या ऐवजी म्हणाले, "आमच्याकडं ठेवा मग."

हे कोण बोललं, मला आजही कळलेलं नाही.

आईनं बरणी बघून कपाळाला हात लावला. माझे वडील, तात्या, मात्र खूश. मुंगीला खाऊ घालणं पुण्याचं, असं त्यांचं मत. मी बरणी पाण्यानं भरलेल्या परातीत ठेवली. लोक मुंग्या येऊ नयेत म्हणून डबा पाण्यात ठेवतात, मी त्या जाऊ नयेत म्हणून ठेवला. बी.ए. झालेली पोरगी मुंगळे पाळते, हे गावभर व्हायला वेळ लागला नाही.

बाजाराच्या दिवशी बिरू यायचा. कापसाचा बोळा ओला हवा, काकवीचा एकच थेंब, आणि साखर अजिबात नको — तिला पाणी सुटतं, मातीला बुरशी येते. सगळं तो बरणीकडे बघून सांगायचा. निघताना मात्र उंबऱ्यात थांबायचा.

"राणीची तब्येत बरी दिसती."

"कुठल्या?" मी एकदा विचारलंच.

तो लाल झाला, चप्पल उलटी घातली आणि सायकल घेऊन गेला. म्हणजे काय समजायचं? माझ्यासाठी येतो, की मुंगळ्यांसाठी? रात्री ठरवायचे माझ्यासाठी, सकाळी वाटायचं छे, मुंगळ्यांसाठी. त्या बरणीचा मला चक्क मत्सर वाटायला लागला.

तेवढ्यात एक स्थळ आलं. मुलगा इंदापूरला कचेरीत, घर चांगलं, रविवारी बघायला येणार. पसंती झाली तर तिथंच सुपारी फोडायची, असं आईचं ठरलेलं. बिरू आला तेव्हा मी मुद्दाम त्याच्यासमोर ते बोलले. त्यानं परातीतल्या पाण्यात बोट फिरवलं.

"मग... बरणीचं काय करायचं?" तो म्हणाला.

मी इतकी चिडले की चहासुद्धा विचारला नाही. दुसऱ्याच दिवशी तो पुन्हा दारात उभा. वर्तमानपत्रात बांधलेला, दोरा गुंडाळलेला एक पुडा त्यानं माझ्या हातात कोंबला, "आईंच्या हातात द्या," म्हणाला आणि पळाला. मी तिथल्या तिथं दोरा तोडला. आत साखर. वा! म्हणजे मी जाणार, तर मुंगळ्यांची बेगमी करून ठेवली! रागारागानं मी ओंजळभर साखर बरणीत ओतली.

ओतल्यावर आठवलं — साखर नको, हे त्यानंच तर बजावलं होतं.

आईनं कागद उचलून उलटा केला. कोपऱ्याला हळदीकुंकवाची बोटं.

"सारजे, हा साखरपुडा हाय गं... आन् तू मुंगळ्यांस्नी घातलास?"

तात्यांना ते पटेना. मुंगीला साखर घालायची तर कुंकू लावूनच घालतात, पोरगा देवभोळा आहे, त्यात काय एवढं? आई म्हणे, मुंगळ्यांची साखर असती तर आईच्या हातात द्या, असं कशाला सांगितलं असतं? असा पळून जातो का कुणी? थोड्या वेळानं दोघांनी बाजू बदलल्या आणि भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. मला काहीच सुचेना. रविवार तोंडावर आला होता. चुकीचं समजून त्या स्थळाला नाही म्हटलं, तर हसं होणार. बरोबर असून गप्प बसले, तर...

मी उरलेली साखर कागदात बांधली आणि बारामती गाठली.

दुकानात तो एका मोटारीची तांब्याची तार गुंडाळत होता. मला बघितलं आणि तार सुटली.

"ही साखर कुणासाठी?" मी विचारलं.

त्यानं पुडा हातात तोलला. "अर्धीच हाय."

"अर्धी मुंगळ्यांनी खाल्ली. मला वाटलं, त्यांचीच हाय."

"मुंगळ्यांची कशी आसंल?" त्याचा आवाज चिरकला. "आईनं बांधून दिली. म्हणली, जी पोरगी हा ताप घरात ठेवून घेती ती तुला बी सांभाळंल. पोरीच्या घरच्यांच्या मनात काय हाय बघ, मग मी येती... मला दारात बोलायचं व्हतं. पण तुमी चिडला व्हता."

"बरणीचं काय करायचं, आसं कोण इचारतं?"

"दुसरं काय इचारायचं व्हतं, त्ये तोंडातनं निघंना."

माझे डोळे भरले आणि त्याच वेळी हसूही आलं. एवढे दिवस मला वाटत होतं, गोंधळलेली मी एकटीच आहे.

"आता निघंल का?" मी हळूच विचारलं.

त्यानं हात पँटला पुसले. पहिल्यांदाच बरणी मध्ये नव्हती, आणि कुठं बघावं हे त्याला कळेना. शेवटी त्यानं माझ्याकडे बघितलं.

"सारजा... माझी व्हशील?"

"व्हय," मी म्हणाले. "पण रविवारच्या आधी तुझ्या आईला घिऊन ये. आन् ह्या टायमाला पुडा तिच्याच हातात दे."