तेवढा तुकडा सोडून

परंड्याच्या बाजारातून चपडा लाख, स्पिरिट आणि तीन नंबरांचा पॉलिश पेपर घेऊन आले, तेव्हा आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, नुसतं पिशवीकडं पाहिलं. माझे वडील ईट गावी सुतारकाम करतात. लाकडाला हात फिरवायला मला कुणी शिकवावं लागलं नाही.

आमच्या दुकानावरची माडी सागवानी फळ्यांची. लग्नाआधी ती आरशासारखी करून घेतलेली, खिडकीखालचा पाटाएवढा तुकडा सोडून. तो झिजून पांढुरका, खोलगट झालेला. पाळी आली की घरातल्या बायका तीन दिवस तिथं बसतात. लग्नानंतर विसाव्या दिवशी मीही बसले. बीएस्सी झालेली, गुडघे पोटाशी घेऊन.

नवऱ्याला सांगितलं, तर उत्कर्ष म्हणाले, "तीनच दिवस तर असतंय. मोबाईल बघत बसायचं की."

माझा राग बोलत नाही, हातात उतरतो. जागाच दिसली नाही, तर बसवतील कुठं?

भर दुपारी घासायला घेतलं. माडीवर मी एकटी. हात थांबला तरी खरखर क्षणभर पुढं चालायची... वास सागाचा नव्हता, बंद पेटीतल्या लुगड्यांचा होता. भुसा सगळीकडं पसरला, पण मधोमध गोल कोरा राहिला. कुणी मांडी घालून बसावं, एवढा. फुंकर मारली. उडालेला भुसा त्या गोलाच्या काठाशी अडला.

मी आणखी जोरानं घासलं.

रंग जुळवायला चार दिवस गेले. पॉलिशचा शेवटचा हात वाळल्यावर जागा मलाच सापडेना. आत्या वर आल्या.

"कुठं गेली गं जागा?"

"गेली."

त्या रागावल्या नाहीत. मला तेच जास्त लागलं.

पुढच्या पाळीला मी सरळ पलंगावर बसले. "आत्या, मी तिथं बसणार न्हाय." त्या ताट घेऊन माझ्यापुढून गेल्या. खिडकीखाली, वीतभर वरूनच सोडलं आणि हात मागं घेतला.

"मी इथं आहे, आत्या."

"तुझं खाली वाढलंय. हे माझ्या थोरल्या जाऊबाईंचं... गंगम्माचं."

या बाईचं नाव घरात कुणी कधी घेतलं नव्हतं.

"बाजूला बसल्या होत्या. ताप चढला. चौथ्या दिवशी न्हाऊ घालून दवाखान्यात न्यायचं ठरलं."

"तोवर कुणी हात लावला न्हाय?"

"म्या पाणी ठेवत होते की... वरून."

"मग चौथ्या दिवशी?"

"न्हाय उजाडला." त्या जिन्याकडं वळल्या. "तवापासून पाळी आली की तिथं कुणीतरी बसायचं. तू पहिलीच, मोकळी ठेवलीस."

त्या उतरून गेल्या. ताप आलेल्या बाईला हात लावायला असं काय लागतं, ते मला बघायचं होतं. ताट सरकवलं, गुडघ्यावर बसले आणि पूर्ण तळवा फळीवर टेकवला.

चटका बसला. शेजारची फळी गार होती.

मी हात तसाच ठेवला. हळूहळू तळव्याखाली लाकडाला घाम सुटला... आता पुरे, असं वाटून हात उचलायला गेले.

उचलेना.

पॉलिश वाळून तीन आठवडे झाले होते.