वाऱ्याची कबर

"डांग, असशील तसा ये! चिखल मळून ठेवलाय, तुतीच्या काड्यांची हाडं तासून झालीत, आणि पोरगा तिकडे फोटोत हसतोय!"

बेटावरचे अंत्यविधी करणाऱ्या व्होंग गुरुजींचा हा फोन सकाळीच आला. समुद्राने परत न दिलेल्या माणसाचा मातीचा देह करून पुरायचा, म्हणजे त्याचा जीव लाटांवर भटकत नाही. बेटावर त्याला वाऱ्याची कबर म्हणतात. लामची बोट वादळात गेली त्याला आज शंभर दिवस झाले होते. पण जिवंत माणसाला पुरायचं म्हणजे त्याला आपल्या हाताने मारायचं. त्या फोटोंचा खरेखोटेपणा ठरेपर्यंत गुरुजी पुढे जायला तयार नव्हते.

साठीच्या डांगचा बंदरावर फोटो स्टुडिओ होता. फोटोतलं खरंखोटं त्याच्याइतकं कुणाला कळणार?

लामच्या घरी त्याची आई न्यान लसूण सोलत बसली होती. लामच्या धाकट्या बहिणीने, हान्हने, मोबाइल पुढे केला. अनोळखी खात्यावरून आलेले चार फोटो. कुठल्याशा परक्या धक्क्यावर लाम उभा होता. गाल भरलेले, दोन्ही भुवया दाट, मागे धूसर बोटी.

"कधी येतात हे?"

"जेवायच्या वेळी," हान्ह म्हणाली.

"दर वेळी?"

"बहुतेक."

"उलट फोन केलास?"

"उचलत नाही."

"आवाज नाही, पत्ता नाही. नुसतं तोंड दाखवतो होय?"

"तुम्ही पोलीस आहात का, काका?" हान्ह फणकारली. "जिवंत आहे एवढं पुरे नाही?"

"काकांशी नीट बोल गं," न्यान मान वर न करता म्हणाली.

डांगने भिंतीवरचा लामचा फोटो उतरवला. गेल्या वर्षी लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा त्यानेच काढून दिलेला. चौकटीमागचा कागदही त्यानेच खळ लावून चिकटवला होता. आता तो एका कडेने ब्लेडने कापलेला दिसला.

"हे कुणी उघडलं?"

न्यान लसूण सोलतच राहिली.

"वहिनी, लहानपणी लामला गळ लागला होता ना? कुठे?"

"डाव्या भुवईत. दुभंगली ती कायमचीच."

डांगने फोटो मांडीवर घेतला. खोटं शोधायला आला होता, ते त्याच्याच हातचं निघालं.

"मुलीकडच्यांना व्रण दिसू नये म्हणून लाम माझ्या मागे लागला होता," तो हळू म्हणाला. "मी भुवई रंगवून भरली. एकच प्रत काढली, ती ही. माझ्याकडे उरलाय तो फोटो व्रणासकटचा आहे. सलग भुवईचा लाम साऱ्या जगात फक्त या कागदावर आहे, आणि या चारही फोटोंत तोच उभा आहे. हल्ली एका चेहऱ्यावरून यंत्र हवी तेवढी चित्रं काढून देतं. मोबाइलने टिपताना काच चकाकते, म्हणून फोटो चौकटीबाहेर काढावा लागला. म्हणजे काम घरातल्याच माणसाचं. वहिनींना तर मोबाइल धड धरता येत नाही." तो तिच्याकडे वळला. "का गं केलंस, हान्ह?"

हान्हने मोबाइल पालथा ठेवला.

"त्या दिवशी त्याला जायचं नव्हतं, काका. आळशी, आळशी म्हणून मीच हिणवलं त्याला. मातीचा केला की तो मेलाच. मग मी कुठे तोंड लपवू?"

न्यानने हातातली पाकळी टोपलीत टाकली.

"मला पहिल्याच फोटोला कळलं होतं. ती जखम मी धुतलीय."

"मग बोलली का नाहीस, आई?"

"फोटो आला की तू दोन घास खायचीस."

डांगला तिथे बसवेना. आपल्या कुंचल्याची त्याला लाज वाटली.

दुपारी गुरुजींनी चेहरा घडवला. डांग धावत जाऊन व्रणासकटचा फोटो घेऊन आला, पण न्यानने तो पाहिलासुद्धा नाही. तिने हान्हचं बोट धरलं आणि ओल्या मातीच्या डाव्या भुवईवरून तिरकी चीर ओढली.

"हा आपला लाम," ती म्हणाली. "आता रड, पोरी."