पंचफुलाबाईंची ओ

पंचफुलाबाईंचं ब्लडप्रेशर कुणाचंच ऐकत नव्हतं. गोळ्या वाढल्या, मीठ तुटलं, लोणच्याची बरणी शेजारच्या लिंबाजीच्या घरी रवाना झाली, तरी आकडा खाली यायचं नाव घेईना. शेवटी तपासणीत कळलं, की डाव्या किडनीला रक्त नेणारी नळी आतून अरुंद झाली आहे. रक्त कमी पडतं म्हणून किडनी साऱ्या अंगाचं प्रेशर वाढवत बसते, असं डॉक्टर माधवींनी समजावून सांगितलं. पंचफुलाबाईंच्या मुलाला, धम्मपालला, ते तिथल्या तिथं पटलं. चुडाव्याच्या शाळेत तो विज्ञान शिकवायचा, आणि ज्या गोष्टीला कारण आहे तिचा त्याला कधी राग येत नसे.

राग येत होता तो बहिणीचा. सुकेशनी सेलूला नोकरीला. तिचं म्हणणं, मायला नांदेडला न्यावं आणि नळीत स्टेंट बसवून मोकळं व्हावं. डॉक्टर म्हणाल्या, त्यासाठी रक्तात जे औषध सोडतात ते या वयात किडनीलाच बाधायची भीती आहे. त्यापेक्षा परभणीला आमच्याकडे एका नव्या उपचाराचा अभ्यास चालू आहे, त्यात या. कापाकापी नाही, सुई नाही. पाठीला यंत्र लावून ध्वनीचे हलके ठोके किडनीपर्यंत पाठवायचे. त्यानं आत बारीक रक्तवाहिन्या नव्यानं फुटतील अशी आशा आहे. धम्मपालनं होकार दिला. सुकेशनी फोनवर कडाडली, "माझ्या मायवर प्रयोग करायलास व्हय रे? शाळंतला बेडूक हाय का ती?"

त्या दिवसापासून बहीणभावाचं बोलणं बंद झालं. वर्षातून भीमजयंतीला दोन दिवस यायचं, मायच्या डोक्याला तेल लावायचं, रडायचं आणि निघून जायचं, अशा बाईनं आपल्याला शहाणपण शिकवावं, हे धम्मपालला सोसवलं नाही. मायचं औषधपाणी, तिचं पथ्य, तिची रात्रीची उठबस सगळं त्याच्या अंगावर होतं. बायको वारली होती, मुलगा पुण्यात रमला होता. उभं गाव त्याला 'सर' म्हणायचं. 'धम्मा' म्हणून हाक मारणारं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते त्याला गमवायचं नव्हतं.

चैताच्या उन्हात दोघं पॅसेंजरनं परभणीला गेली. उपचाराची खोली लहानशी, गार, हिरव्या पडद्याची. स्पिरिटचा वास. निकिता नावाची तरुण टेक्निशियन होती, तिनं मायला कुशीवर निजवलं, कमरेच्या वर गार चिकट जेल लावलं आणि यंत्राचं तोंड तिथं टेकवलं.

"आजी, आता मी आवाज देते हं. दुखलं तर सांगा."

टक्, असा कोरडा ठोका वाजला.

"ओ," पंचफुलाबाई म्हणाल्या.

निकिताला हसू फुटलं. इकडच्या भागात आवाज देणं म्हणजे हाक मारणं, हे तिच्या बोलताना लक्षात आलं नव्हतं. ती पोरगी पुण्याकडची. तिनं पुन्हा बटण दाबलं. टक्. "ओ." टक्. "ओ." धम्मपालला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माय, मशीन हाय ती. माणूस न्हाई. गप पड जरा."

"आवाज दिल्यावर गप पडायचं? ही कुठली रीत रं?"

परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून माय डोळे मिटून बसली होती. धम्मपालच्या मनात काहीतरी सलत राहिलं. पूर्णा आलं तेव्हा कुठं त्याला ते सापडलं. माय ओ द्यायच्या बाबतीत अख्ख्या वस्तीत प्रसिद्ध होती. तरुणपणी मालकाच्या रानात निंदायला जायची, तेव्हा धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून कुणीही 'ए' म्हणून बोलवायचं. वस्तीनं दीक्षा घेतली त्या वर्षापासून तिच्या सासूनं घरातल्या बायकांना एकच शिकवण दिली होती. कुणी 'ए' म्हणालं तर खुरपं खाली ठेवायचं नाही, मान वर करायची नाही. नाव घेऊन बोलवलं तरच ओ द्यायची. मायनं ती शिकवण अशी पाळली, की त्यापायी मजुरी बुडाली तरी तिची मान वर झाली नाही. सरपंचाच्या 'ए'लाही तिनं कधी ओ दिली नव्हती.

"माय," तो म्हणाला, "तू तं नाव घेतल्याबिगर कुणाला ओ देत न्हाईस. मग त्या मशीनला कामून दिलीस?"

मायनं डोळे उघडले. असला प्रश्न शिकल्या-सवरल्या माणसानं विचारावा याचं तिला नवल वाटलेलं दिसलं.

"नाव घेऊनच तर आवाज देतीय की ती. पंचफुला, पंचफुला म्हून. तुला आयकू न्हाई आलं?"

धम्मपाल हसला. नियमित ठोक्यांत माणसाचं मन शब्द शोधतं. आगगाडीच्या चाकांतही लोकांना गाणी ऐकू येतात. हे तो नववीच्या वर्गात शिकवतो. त्यानं मायला तसं समजावलंही. तिनं ऐकून घेतलं आणि पदर डोक्यावर ओढला.

आठवड्यातून दोनदा खेप होऊ लागली. गुण यायला लागला, हे कुणालाही नाकारता आलं नसतं. प्रेशर उतरलं, पायांची सूज ओसरली, एक गोळी बंद झाली. धम्मपालला आनंद झाला, आणि त्या आनंदात सुकेशनीला तोंडघशी पाडल्याची गोडी जास्त होती. यंदा भीमजयंतीलाही ती आली नव्हती. आपण तिला फोन करायचा नाही, तिनंच करावा, असं त्यानं ठरवून टाकलं.

मग एकदा उपचार चालू असताना तो मायच्या तोंडासमोर स्टूल घेऊन बसला होता. मायला डुलकी लागली होती. ओठ मिटलेले, नाकातून संथ श्वास. निकितानं बटण दाबलं.

टक्.

"ओ."

मायचे ओठ हलले नाहीत. धम्मपालनं निकिताकडे पाहिलं. ती हसत नव्हती. तिनं यंत्राचं तोंड पाठीवरून उचललं, जेल पुसलं, पुन्हा लावलं आणि म्हणाली, "सर, आज एवढंच करू या का?"

पुढच्या खेपेला डॉक्टर माधवींनी स्वतः सोनोग्राफी केली. पडद्यावर लाल-निळे ठिपके नाचत होते आणि स्पीकरमधून रक्ताचा आवाज येत होता, शूऽ, शूऽ, शूऽ. डॉक्टर खुशीत होत्या. "ऐका सर. आधी इथं नुसती पिरपिर होती. आता बघा कसं वाहतंय." त्यांनी आवाज मोठा केला. "पंचफुलाबाई, श्वास धरून ठेवा."

मायनं श्वास धरला. ओठ आवळून धरले.

शूऽ, शूऽ, आणि मधेच स्पीकरमधून बाईच्या आवाजात स्वच्छ, "ओ."

डॉक्टरांचा हात क्षणभर थबकला. "आतड्यातली हवा," त्या म्हणाल्या. "कधीकधी येतात असे आवाज." त्यांनी स्पीकर बंद केला आणि पुढची तपासणी मुकाट्यानं उरकली. धम्मपालनं मान डोलावली. आतड्यातली हवा, हे कारण होतं. त्यानं ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

त्याच आठवड्यात, घरी, भरदुपारी ते कारण सुटलं. माय ओट्यावर बसून तांब्यानं पाणी पीत होती. धम्मपाल आतून म्हणाला, "माय, माझा चष्मा कुठं हाय?"

"ओ."

तो बाहेर आला. तांब्या अजून मायच्या तोंडाला होता. गळ्याची घाटी खालीवर होत होती. पाणी पिणारं माणूस ओ कशी देईल? तिनं तांब्या खाली ठेवला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं होतं.

"म्या न्हाई दिली," ती म्हणाली. "धम्मा, मला आवाज देऊ नको रं बाबा."

"कामून, माय?"

"ओ."

ही मायच्या पाठीकडून आली. दोघांनीही ऐकली. मायनं कमरेवर हात दाबून धरला आणि हळू आवाजात सांगितलं, "तू आवाज दिलास की आतली ती माझ्या अगुदर ओ देती. मग माझी ओ आतच ऱ्हाती. लय साचल्यात आता."

धम्मपालनं तिला आवाज देणं बंद केलं. काही लागलं तर तो तिच्यासमोर जाऊन उभा राही, खांद्याला हात लावी. पन्नाशीच्या माणसाला स्वतःच्या घरात 'माय' म्हणायची चोरी झाली. उपचार पुरे झाले, यंत्र दुसऱ्या गावी गेलं, रिपोर्ट इतके चांगले आले की डॉक्टरांनी टाळी दिली. शाळेत मुख्याध्यापकांनी पेढे मागितले. त्यानं ते आणले, वाटले, एकही खाल्ला नाही.

माय बोलायची कमी झाली. आधी गाणी गेली, मग गप्पा, मग 'धम्मा' गेलं. ती नुसती बघायची. सुकेशनीला सांगावं असं त्याला कितीदा वाटलं. फोन हातात घ्यायचा आणि ठेवून द्यायचा. ती काय म्हणेल ते त्याला पाठ होतं, आणि ते ऐकायची त्याची तयारी नव्हती. स्वतःचा तो हट्ट त्याला कळत होता. तरीही त्यानं फोन केला नाही.

श्रावणात एका रविवारी तो बाजारातून भाजी घेऊन आला. माय भिंतीकडे तोंड करून निजली होती. त्यानं खांद्याला हात लावला. खांदा गार होता.

गावातले डॉक्टर आले, नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली. झोपेतच गेल्या म्हणाले. कालचं प्रेशर विचारलं. एकशे वीस, ऐंशी. "नशीबवान," ते म्हणाले.

धम्मपालनं सुकेशनीला फोन लावला. एवढंच म्हणाला, "ये." तिनं पुढं काही विचारलं नाही.

अंगणात माणसं जमली. आत बाया बसल्या. बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावली. कुणीतरी रडायला सुरुवात करणार तोच धम्मपालनं हात जोडले.

"कुणी आवाज देऊ नका तिला. नाव घेऊ नका. पाया पडतो तुमच्या."

बायांनी एकमेकींकडं पाहिलं. लिंबाजी त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, रडू तं द्या बायांना. आसं मुक्यानं कुणी नेतंय का माणूस?"

धम्मपालनं जोडलेले हात सोडले नाहीत. त्यालाच सगळ्यांत जास्त हाक मारायची होती. एकदा, शेवटची. 'माय' हा शब्द घशाशी येऊन बसला होता आणि तो थुंकीबरोबर गिळत होता.

मग त्याला आठवलं, सुकेशनी येणार.

माहेरी आई गेल्यावर लेक कशी येते, हे त्याला ठाऊक होतं. वेशीपासून येते. छाती बडवत येते. आईचं नाव घेत येते.

तो दाराकडं धावला.

ऑटो गल्लीच्या तोंडाशी थांबला होता. ती उतरली होती. केस सुटलेले, पदर लोळत होता.

"सुकेशनी! थांब! नको!"

"माय गंऽऽ! माझे पंचफुला मायऽऽ!"

त्याचा हात तिच्या तोंडावर पडला तेव्हा उशीर झाला होता.

"ओ," घरातून आवाज आला.

मोठा, खणखणीत, तरण्या बाईचा. रानातून धुऱ्यापर्यंत जावा असा.

आतल्या बाया एकेक करून बाहेर आल्या. अंगणातली माणसं मागं सरकली.

सुकेशनीचं रडणं थांबलं. तिनं त्याचा हात झटकला, त्याच्याकडं बघितलं. त्या नजरेत इतक्या महिन्यांचा सगळा तिरस्कार होता. मग तिचा चेहरा फुलला, लहानपणी जत्रेत फुलायचा तसा.

"आले गं, माय!" म्हणत ती आत पळाली.

धम्मपाल उंबऱ्याबाहेर उभा राहिला. आतून सुकेशनीचा ओला, हसरा आवाज येत होता.

"जेवलीस का, माय?"

"ओ."

"धम्मानं तरास दिला का गं तुला?"

"ओ."

"मला वळखलंस ना?"

"ओ."