चिंबोरीला शिकवलेला कचरा

चिंबोरी कधी खोटं बोलत नसे, आणि नेमकी तीच पंचाईत होती. कृत्तिकाचा हा सहा पायांचा धातुशोधक यंत्रमानव दुपारपासून किनाऱ्यावर खेकड्यासारखा तिरपा तिरपा चालत होता आणि पुन्हापुन्हा एकच सांगत होता, "इथे फक्त कचरा आहे."

मग गावातल्या फुलाताईंची सोन्याची अंगठी गेली कुठे? दुपारी गावाने रापण (सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढली, तेव्हा ओल्या दोराने ती त्यांच्या बोटातून निसटली होती. समुद्रात गेलेल्या नवऱ्याची तेवढी एकच वस्तू त्यांच्याकडे उरली होती. त्यात आज अमावस्या. रात्री उधाणाची भरती येणार आणि इथली वाळू कुठल्या कुठे नेणार.

"ऱ्हाऊ दे गो बाय," फुलाताई म्हणाल्या. "दर्यानं माणूस नेला, आता अंगठी नेली."

कृत्तिकाला हे मुळीच पटलं नाही. "तुम्ही दोर धरून इथेच उभ्या होतात ना? मग अंगठी इथेच आहे. ती मिळेपर्यंत मी इथून हलणार नाही."

शेजारचे आबा बर्वे काठी टेकत आले. धातुशोधक यंत्रं बनवण्यात त्यांचा जन्म गेला होता, पण उत्तर आयतं देण्याची त्यांना भारी नावड.

"चिंबोरीला सोनं दिसतं का गं?"

"दिसतं की."

"तिला डोळे कुठे आहेत? तिच्या पोटात तारेचं वेटोळं आहे. त्यातली वीज सारखी बदलते, म्हणून भोवतीचं चुंबकीय क्षेत्रही (चुंबकाचा प्रभाव पोहोचतो ती जागा) बदलतं. त्यामुळे वाळूखालच्या धातूत भोवरा-प्रवाह (गोल गोल फिरणारी वीज) सुरू होतात. मग त्यांचंही एक छोटं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. विहिरीत हाक मारली की साद परत येते ना, तसं. चिंबोरी ती साद ऐकते, बस्स."

"आणि त्यावरून धातू ओळखते."

"ओळखते, की अंदाज बांधते?"

कृत्तिकाने आबांच्या बोटातली झिजलेली अंगठी मागून घेतली आणि चिंबोरीच्या पोटाखाली धरली.

"कचरा," चिंबोरी म्हणाली.

"लग्नातली आहे ती," आबा पुटपुटले.

कृत्तिकाने वाळूतली शीतपेयाच्या डब्याची कडी उचलून धरली. चिंबोरी पुन्हा म्हणाली, "कचरा." तिच्या पाठीवरच्या छोट्या पडद्यावर उमटलेल्या दोन्ही सादांच्या रेघा जवळजवळ सारख्या होत्या. पातळ सोनं आणि पातळ ॲल्युमिनियम, दोघांची साद एकच!

आता कृत्तिकाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सबंध सुट्टीभर अशा कड्या आणि चॉकलेटची चांदी खणून ती वैतागली होती. ती चिडून 'कचरा!' म्हणत फेकायची आणि चिंबोरी त्यावरून शिकायची. यालाच यंत्रशिक्षण (उदाहरणं पाहून यंत्राने स्वतः नियम बनवणं) म्हणतात. "मी जे फेकलं, त्याच्यासारखी साद आली की ती कचराच म्हणते," ती म्हणाली. तिला स्वतःचाच राग आला.

"चिंबोरी, कचऱ्याचे सगळे धडे पुसून टाक."

"मग मी जागोजागी शिट्टी वाजवीन."

"वाजव."

आणि ती वाजली, अगदी डोकं उठेपर्यंत. प्रत्येक शिट्टीला कृत्तिका खणत होती. कडी निघाली, खिळा निघाला, पुन्हा कडी निघाली. नखांत वाळू गेली, गुडघे सोलवटले, पण ती हटली नाही. आबा निघालेला कचरा पिशवीत भरत होते. थोड्या वेळाने फुलाताईंनी पदर खोचला. "सरक गो," म्हणाल्या आणि शेजारी बसून हातांनीच उकरू लागल्या.

सूर्य बुडता बुडता त्यांचा हात थांबला. त्यांनी मूठ उघडून पाहिली, अंगठी बोटात घातली आणि मूठ पुन्हा घट्ट मिटली. मग त्यांनी वाळूने भरलेल्या त्याच हाताने कृत्तिकाला जवळ ओढलं आणि त्या रडल्या.

"ही साद लक्षात ठेवते," चिंबोरी म्हणाली. "काय म्हणून ठेवू? सोनं की कचरा?"

कृत्तिकाने जरा विचार केला. "'ठाऊक नाही' म्हणून ठेव," ती म्हणाली. "आणि अशी साद आली की मला हाक मार. खणायचं काम माझं."