अर्धा चमचा

ढब्बूच्या धाकट्या आत्याचं लग्न झालं त्याच वर्षी तो झोपला तो उठेना.

ढब्बू म्हणजे वर्षाचंही न झालेलं पोर. आई शिलाईच्या कारखान्यातून सुटून त्याला आणायला गेली, तर त्याला सांभाळणाऱ्या काकूंच्या मांडीवर तो ओल्या फडक्यासारखा पडलेला. डोळे उघडायचा, पुन्हा मिटायचा. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, "झोप आणणारं औषध पोटात गेलंय. खोकल्याच्या औषधात असतं तसलं. अजून थोडं गेलं असतं तर श्वास थांबला असता."

पोर वाचलं. पण काकूंच्या फळीवर पोलिसांना खोकल्याच्या औषधाची बाटली सापडली. काकू गल्लीतली मुलं सांभाळायच्या, त्यावरच त्यांचं पोट. दुसऱ्या दिवशी सगळ्या आयांनी आपापली मुलं काढून नेली.

ढब्बूच्या आईने आपल्या मामाला फोन केला. मामा पोलिसात जमादार होता, आता निवृत्त.

"मामा, तू ये. सोमवारी गेले नाही तर माझं मशीन दुसरीला देतील. आणि गेले तर याला कुणाकडे टाकू?"

मामा आला तो आधी चौकीत जाऊन बाटली बघून आला. मग काकूंकडे गेला. खोलीत छोट्या गाद्या गुंडाळून भिंतीशी लावलेल्या होत्या. एकही पोर नव्हतं.

"बाटली तुमची?"

"माझीच. आणली आणि खोकला आपोआप गेला."

"झाकणाचं सील तसंच आहे."

"तेच मी सांगत होते. ऐकतंय कोण?"

"ढब्बू रोज असा झोपायचा?"

"महिनाभर. घरून आलेली बाटली प्यायला की पेंगायचा. एक दिवस त्यातलं दूध नासलं, म्हणून ओतून दिलं आणि माझ्याकडचं पाजलं. त्या दिवशी पठ्ठ्याने घर डोक्यावर घेतलं. माझे सगळे डबे पालथे."

"तरी शंका आली नाही?"

"मामा, झोपणाऱ्या पोराची तक्रार कोण करतं?"

मामा भाचीच्या घरी आला. स्वयंपाकघराला लागूनच सासूबाईंची खाट होती. त्या खोकत होत्या. भाची ढब्बूला छातीशी घट्ट धरून बसली होती. जावई खिडकीत उभा होता.

"काकूंना कसं निवडलंस?" मामाने विचारलं.

"चार घरं पाहिली. एकीकडे कुत्रं. दुसरीकडे दिवसभर टीव्ही. तिसरीचं घर इतकं चकचकीत की पोराने रांगायचं कुठे? काकूंकडे मी न सांगता भर दुपारी गेले. एक पोर रडत होतं आणि त्या त्याच्याशी भांडत होत्या, मोठ्या माणसाशी भांडावं तसं. म्हटलं, इथेच."

"डोळ्यांत तेल घालून निवडलं हो," जावई म्हणाला. "आणि हे झालं."

सासूबाईंना पुन्हा ढास लागली.

"खोकला काय म्हणतो यांचा?"

"काय म्हणणार. महिन्यात दुसरी बाटली चालू आहे. औषध संपतं, खोकला संपत नाही."

"दूध कोण भरतं?"

"मीच. उकळून, गार करून."

"मग?"

"ओट्यावर ठेवते. आंघोळ करून आले की पिशवीत घालते."

मामा ओट्याशी गेला. कोपऱ्यात औषधाची बाटली होती, अर्धी रिकामी. औषध पाण्यासारखं, बिनरंगाचं. त्याने बोटावर थेंब घेऊन चाखला. मग खाटेजवळ स्टूल ओढून बसला.

"विहीणबाई, औषध लागू पडत नाही म्हणे. चवीला कसं आहे?"

"कसं असणार? कडू."

मामाने स्टूल आणखी जवळ घेतलं. मग हळू म्हणाला, "साखरेच्या पाकासारखं आहे. आत्ताच चाखलं."

जावई खिडकीतून वळला. "मामा, म्हणजे काय?"

"काकूंच्या बाटलीचं सील फुटलेलं नाही. घरचं दूध नासलं त्या दिवशी पोर जागं राहिलं. म्हणजे औषध दुधातून, इथूनच जात होतं. हिने स्वतःच घातलं असतं तर मला बोलावलं नसतं. तुमच्यावरही नजर होती माझी. पण या घरात एक बाटली संपली, दुसरी अर्धी झाली, आणि ज्यांच्यासाठी आणल्या त्यांना चव माहीत नाही. खोकला जाणार कसा? औषध त्यांच्या पोटात गेलंच नाही."

"आई?" जावई म्हणाला.

सासूबाईंनी नाकारलं नाही. "चार घरं पाहिलीत," त्या म्हणाल्या. "मी याच खाटेवर होते. तीन पोरं वाढवली मी. मला कुणी विचारलं?"

"अहो आई, तुमचा हात थरथरतो," भाची म्हणाली. "म्हणून नाही विचारलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"पोर तिथे पेंगतं म्हटल्यावर तुम्ही त्या काकूला काढाल असं वाटलं. मग येईल माझ्याकडेच. अर्धाच चमचा घालत होते मी."

"आणि त्या दिवशी?" मामाने विचारलं.

सासूबाईंनी उजवा हात मांडीवर घेतला, डाव्याने दाबून धरला. तरी तो हलतच होता.

"सांडलं," त्या म्हणाल्या. "किती, ते कळलं नाही."

मामाने चौकीत सगळं सांगितलं. स्वतःच्या आईविरुद्ध तक्रार द्यायला जावयाचा हात धजला नाही. काकूंवरचा आळ कागदावर पुसला गेला, गल्लीत नाही. भाची त्यांच्या पाया पडायला गेली.

"माझा राग नाही गं," काकू दारातूनच म्हणाल्या. "पण आता कुणी मूल आणत नाही. मी बहिणीच्या गावी चालले."

निघताना भाचीने विचारलं, "मामा, सोमवारी काय करू?"

मामाने आयुष्यभर लोकांकडून उत्तरं काढली होती. "मला नाही माहीत, पोरी," तो म्हणाला.

सोमवारी तिचं मशीन दुसरीला मिळालं. ती घरी राहिली. एका हाताने पोर सांभाळायची, दुसऱ्याने सासूला औषध पाजायची. औषध आता कपाटात कुलपात असायचं. पण महिनाभर अंगावर काढलेला खोकला तोवर छातीत उतरला होता.

आत्याच्या लग्नाला वर्ष व्हायच्या आत, ढब्बू पहिली पावलं टाकायला लागला त्याच आठवड्यात, सासूबाई वारल्या.